वाद्यवृंदांतील पहिली खुर्ची

मीरा रोडसारख्या उपनगरांतून लोकलनें सुमारें ४० किलोमीटरांचा प्रवास करून चर्चगेटला उतरावें, तेथून नरिमन पॉइंटच्या जमशेद भाभा नाट्यगृहांत जावें आणि पाश्चात्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रथमच पाहावा, असा योग ज्यांना येतो त्यांपैकीं बहुतेकांस आरंभींच एक कोडें पडतें. रंगमंचावर साठ-सत्तर वादक आपापल्या जागीं बसलेले असतात. कोणी तार पिळतो आहे, कोणी बांसरी फुंकून पाहतो आहे, असा गलबला चाललेला असतो. इतक्यांत हातांत व्हायोलिन घेतलेली एक व्यक्ति एकटीच आंत येते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. अद्याप कार्यक्रमाचा एक सूरहि वाजलेला नाहीं. मग या टाळ्या कशाबद्दल? थोड्या वेळानें संचालक येतो, तोहि सर्वांच्या आधीं याच व्यक्तीशीं हस्तांदोलन करतो. ही व्यक्ति कोण, तिचें काम काय, आणि हातांत छडी घेतलेला संचालक समोर उभा असतां तिची गरजच काय, हे प्रश्न साहजिक आहेत. त्यांचीं उत्तरें समजून घेतलीं म्हणजे वाद्यवृंद ऐकण्यांतील आनंद तर वाढतोच. शिवाय अनेक माणसांनीं मिळून एक काम कसें करावें, याचाहि थोडा बोध होतो.

या व्यक्तीस इंग्लंडांत 'लीडर' आणि अमेरिकेंत 'कॉन्सर्टमास्टर' म्हणतात. मराठींत तिला 'अग्रवादक' म्हणण्यास हरकत नाहीं. संचालकाच्या डाव्या हातास पहिल्या व्हायोलिनांचा जो समूह बसतो, त्याच्या अगदीं पुढची, प्रेक्षकांच्या बाजूची खुर्ची ही अग्रवादकाची. व्हायोलिनवादक दोघे दोघे मिळून एका स्टँडवरील स्वरलिपि वाचीत असतात. पान उलटण्याचें काम आंतल्या बाजूस बसलेल्या जोडीदाराचें. कारण बाहेरच्या बाजूच्या वादकाचा गज मध्येंच थांबतां कामा नये. मोठ्या वाद्यवृंदांत पहिलीं व्हायोलिनें १६, दुसरीं १४, व्हायोला १२, चेलो १० आणि डबल बास ८ अशी सर्वसाधारण वांटणी असते. म्हणजे गजानें वाजणारीं वाद्येंच ६० झालीं. या साठ गजांची एकवाक्यता हीच अग्रवादकाची मुख्य जबाबदारी होय.

तिचा आरंभ सूर जुळविण्यापासून होतो. आपल्याकडे मैफलीच्या आधीं तंबोरे जुळविण्यांत बराच वेळ जातो आणि जाणता श्रोता त्याबद्दल कुरकुर करीत नाहीं. येथें तेंच काम दोन-तीन मिनिटांत व्हावयाचें असतें. अग्रवादक उभा राहून ओबो या सनईच्या जातीच्या वाद्याकडे खूण करतो. ओबोवादक एक लांब, स्थिर सूर धरतो. हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा मानलेला आहे. कांहीं वाद्यवृंद तो किंचित् चढा, ४४२ कंपनांचा ठेवतात. ओबोचा आवाज टोकदार असल्यामुळें गलबल्यांतहि तो स्पष्ट ओळखूं येतो. या सुराशीं प्रथम फुंकीचीं वाद्यें व नंतर तंतुवाद्यें जुळतात. सर्व शांत झालें म्हणजे अग्रवादक खालीं बसतो, आणि मगच संचालकाचें आगमन होतें. टाळ्यांचा अर्थ आतां थोडासा कळूं लागतो. पाहुण्यांपुढें घर नीटनेटकें करून ठेवणाऱ्या घरच्या वडील माणसाला दिलेला तो मान आहे.

परंतु याहून महत्त्वाचें काम प्रेक्षकांच्या दृष्टीआड, तालमीच्याहि आधीं झालेलें असतें. व्हायोलिनचा गज सुमारें ७५ सेंटिमीटर लांब असतो. तो मुठीकडून टोकाकडे ओढला तर एक प्रकारचा आवाज निघतो आणि टोकाकडून मुठीकडे ढकलला तर दुसऱ्या प्रकारचा. मुठीजवळ हाताचें व गजाचें वजन तारेवर पडतें, म्हणून तेथून सुरू झालेला सूर ठाशीव येतो. टोंकाजवळचा सूर हलका व नाजूक असतो. आतां एखाद्या स्वरपंक्तींत गज कोठें फिरवावा, किती सूर एका गजांत घ्यावेत, कोणता सूर ओढीच्या गजानें व कोणता ढकलीच्या गजानें वाजवावा, यांवर त्या पंक्तीचा सारा अर्थ अवलंबून असतो. वाचणारानें भलत्याच ठिकाणीं श्वास घेतला तर चांगल्या ओवीचाहि अर्थ बिघडतो, तसेंच हें आहे. मूळ रचनाकारानें या खुणा पुष्कळदां पूर्णपणें दिलेल्या नसतात. अग्रवादक पेन्सिल घेऊन बसतो, प्रत्येक पंक्ति वाजवून पाहतो आणि खुणा करतो. त्या खुणा मग मागील सर्व स्टँडांवरील प्रतींत उतरविल्या जातात. दुसरीं व्हायोलिनें, व्हायोला व चेलो यांचे प्रमुखहि आपल्या खुणा त्यांच्याशीं जुळवून घेतात. कार्यक्रमांत सोळा गज एकाच वेळीं वर जातांना व एकाच वेळीं खालीं येतांना दिसतात, तें दृश्य डोळ्यांना सुखवितें खरें. पण तें शोभेसाठीं केलेलें नसतें. गजांची दिशा एक झाली म्हणजे सोळा वाद्यांचा उच्चार एक होतो.

याशिवाय एक भौतिक अडचण असते, आणि अग्रवादकाची खरी गरज तीमुळेंच पटते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४० मीटर आहे. रंगमंचाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत १७ मीटर अंतर धरलें, तर एका बाजूचा सूर दुसऱ्या बाजूस पोंचावयाला सेकंदाचा विसावा भाग लागतो. ऐकावयास हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु द्रुत लयींतील वादनांत तेवढ्यानें वादन विसकटतें. मागच्या रांगेंतील वादक केवळ कानांवर विसंबून वाजवूं लागला तर तो सदैव मागेंच पडावयाचा. म्हणून त्याला डोळ्यांनीं वाजवावें लागतें. संचालकाची छडी त्याला मात्रा कोठें पडते तें सांगते. पण छडीला आवाज नसतो, आणि सूर नेमका कोणत्या क्षणीं व किती जोरानें उमटावयाचा तें तिच्यावरून पुरतेपणीं कळत नाहीं. तें कळतें अग्रवादकाचा खांदा, त्याचा श्वास आणि तारेवर टेंकलेला त्याचा गज यांवरून. गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत ढोल-ताशांचें पथक ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस ही गोष्ट समजण्यास अडचण पडूं नये. ढोलवाले पन्नास असोत कीं शंभर, त्यांची नजर पुढच्या ताशेवाल्यावर खिळलेली असते. लग्नाच्या बँडांतहि क्लॅरिओनेटवाला वाद्य किंचित् उंचावतो आणि सारे एकदम सुरू होतात. अग्रवादक याहून निराळें कांहीं करीत नाहीं. फक्त तें इतक्या अल्प हालचालीनें करतो कीं प्रेक्षकाला तें दिसूं नये आणि वादकाला मात्र चुकूं नये.

इतिहासांत डोकावलें तर असें आढळतें कीं, छडीवाला संचालक हा नंतरचा, आणि व्हायोलिन घेतलेला अग्रणी हा आधींचा. १७९१ सालीं हायडन हा थोर रचनाकार लंडनला गेला, तेव्हां त्याच्या रचना वाजवितांना तो स्वतः पियानोपाशीं बसे. परंतु वाद्यवृंद चालविण्याचें काम योहान पेटर सालोमन हा व्हायोलिनवादक आपल्या गजानें करी. वाद्यें वाढलीं, रचना गुंतागुंतीच्या झाल्या, तसा न वाजवितां केवळ चालविणारा माणूस निराळा काढावा लागला. १८३५ सालीं मेंडेल्सोन लाइप्झिग येथील गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें फर्डिनंड डेव्हिड यास पहिल्या खुर्चीवर आणून बसविलें. मेंडेल्सोनचा सुप्रसिद्ध व्हायोलिन कन्चेर्तो या डेव्हिडच्याच सल्ल्यानें सिद्ध झाला आणि १८४५ सालीं त्यानेंच तो प्रथम वाजविला. संचालक व अग्रवादक यांचें नातें कसें असावें, याचा हा उत्तम नमुना होय. पुढें संचालकावांचूनहि वाद्यवृंद चालविण्याचे प्रयोग झाले. मॉस्को येथें १९२२ सालीं असा एक वाद्यवृंद निघाला, त्याचा जनक लेव त्सेइत्लिन हा व्हायोलिनवादकच होता. न्यूयॉर्कचा ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून संचालकाशिवाय वाजवीत आला; तेथें पहिली खुर्ची निरनिराळ्या वादकांकडे पाळीपाळीनें जाते. संचालकाविना चालूं शकतें. ती खुर्ची मात्र रिकामी ठेवतां आलेली नाहीं.

अग्रवादकाला एकट्यानें वाजविण्याचेहि प्रसंग येतात. रिम्स्की-कोर्साकोव्ह याच्या १८८८ सालच्या 'शेहेरझादे' या रचनेंत अरबी कथांतील राणीचा आवाज म्हणून जें व्हायोलिन पुनःपुन्हां ऐकूं येतें, तें त्याचेंच असतें. अशा वेळीं तो कुशल एकलवादक असावा लागतो. परंतु तो भाग संपतांच पुढच्या क्षणीं त्याला सोळांपैकीं एक होऊन जावें लागतें. या दोन भूमिकांतील ये-जा फार थोड्यांस साधते. त्यागाचा प्रसंगहि येतो. २६ जुलै १९८६ रोजीं अमेरिकेंत टँगलवुड येथें चौदा वर्षांची मिदोरी ही जपानी मुलगी, लेनर्ड बर्न्स्टाइन यांच्या संचालनाखालीं, त्यांचीच एक रचना बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीत होती. मध्येंच तिच्या व्हायोलिनची तार तुटली. प्रघाताप्रमाणें तिनें अग्रवादकाचें व्हायोलिन घेतलें. तें स्ट्राडिव्हेरियसच्या हातचें, म्हणजे अनमोल. थोड्या वेळानें त्याचीहि तार तुटली, तेव्हां तिनें त्याच्या सहकाऱ्याचें व्हायोलिन घेऊन वादन पूर्ण केलें. त्या मुलीची कीर्ति जगभर झाली आणि ती योग्यच होती. पण ज्यानें तत्क्षणीं आपलें वाद्य तिच्या हातीं दिलें, त्याच्याहि पदाचा धर्म त्या दिवशीं दिसून आला.

ही सारी परदेशची कथा झाली. पण मुंबईलाहि या खुर्चीचा स्वतःचा इतिहास आहे. १९०८ सालीं मुंबईंत जन्मलेले मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि त्यांतील अग्रवादकाचें स्थान स्वतः सांभाळलें. पुढें ते त्याचे संचालकहि झाले. १९४० सालीं त्यांनीं चार वादकांचें बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलें. १९३६ सालीं जन्मलेले त्यांचे पुत्र झुबिन मेहता याच वातावरणांत वाढले आणि पुढें लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथील वाद्यवृंदांचे प्रमुख झाले. वडिलांची पुढची वाटचाल मात्र पुत्राच्या कीर्तीपुढें थोडी झांकली गेली. पन्नाशीकडे झुकलेला हा मुंबईचा अग्रणी १९५५ सालीं मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रांत जॉन बार्बिरोली यांच्या हाताखालीं सहायक अग्रवादक म्हणून रुजू झाला. स्वतःच्या शहरांतील पहिली खुर्ची सोडून परक्या शहरांत दुसऱ्या खुर्चीवर बसण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. १९६४ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यांनीं तरुणांचा अमेरिकन यूथ सिंफनी हा वाद्यवृंद स्थापला आणि वयाच्या नव्वदीपर्यंत तेथें नवे वादक घडविले. २००२ सालीं ते निवर्तले. मुंबईंतील त्यांचा वाद्यवृंद मात्र टिकला नाहीं. पहिल्या खुर्चीवरचा माणूस दूर गेला आणि त्याच्यामागें तयार झालेली दुसरी पिढी नसली म्हणजे काय होतें, याचा विचार या उदाहरणावरून अवश्य करण्यासारखा आहे.

मुंबईंतील दुसरी परंपरा चित्रपटसंगीताची. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपीचें वाचन व व्हायोलिन यांचें शिक्षण पिढ्यान्-पिढ्या चालत आलें होतें. तेथून आलेल्या वादकांनीं मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनांच्या रांगा भरल्या. त्या काळीं गायक व सर्व वादक एकत्र बसून संपूर्ण गाणें एका दमांत ध्वनिमुद्रित होई. एकाचा गज चुकला कीं सर्वांस पुनः आरंभापासून वाजवावें लागे. अर्थात् पुढच्या स्टँडवरील वादकाच्या खुणेला सोन्याचें मोल असे. १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डा येथें जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे यांतील एक अग्रगण्य व्हायोलिनवादक व स्वररचनाकार. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढून आपले राग पाश्चात्य वाद्यवृंदांत बसविण्याचा यत्न केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीपैकीं प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील नायकाच्या तोंडचें नांव ही त्या शिष्याची गुरुदक्षिणाच होय. महाराष्ट्रांतील घराघरांत परिचित असलेले प्रभाकर जोग (१९३२-२०२१) हेहि व्हायोलिनवादक व वाद्यसंयोजक. सुधीर फडके यांच्या गीतरामायणाला त्यांच्या व्हायोलिनची साथ लाभली होती. गायकाच्या श्वासाबरोबर गज कसा फिरावा, हें त्यांच्या वादनांत ऐकावें.

नभोवाणीनेंहि या कामीं हात लावला. १९५२ सालीं दिल्लीस आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू झाला. रविशंकर व कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिनवादक टी. के. जयराम अय्यर यांच्याकडे त्याचें संचालन होतें. आपल्या संगीतांत अडचण आणखी एका अंगानें वाढते. येथें सूर सरळ उभा राहत नाहीं. मींड घेतो, आंदोलन घेतो. तेव्हां गजाच्या खुणा जुळल्या तरी पुरत नाहीं. डाव्या हाताचें बोट तारेवरून किती घसरावें, हेंहि सर्वांचें एक व्हावें लागतें. तें कागदावर लिहितां येत नाहीं. पुढें बसलेल्याचें पाहून व ऐकूनच उचलावें लागतें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हें चित्र बदललें. एकेक वाद्य निरनिराळ्या वेळीं मुद्रित करून मागाहून जोडण्याची सोय झाली, आणि विजेच्या कळपट्टीवर एकच मनुष्य शेंकडों व्हायोलिनांचा आभास निर्माण करूं लागला. खर्च वांचला, वेळ वांचला. पण व्हायोलिनांच्या रांगा मोडल्या. यांत नुकसान केवळ रोजगाराचें झालें असें नव्हे. अग्रवादक हा एकट्यानें खोलींत बसून तयार होत नसतो. आधीं मागच्या स्टँडवर बसून पुढच्याचा गज वर्षानुवर्षें न्याहाळावा, मग एकेक स्टँड पुढें सरकावें, तेव्हां कोठें ती नजर व तो संयम अंगीं येतो. मागच्या खुर्च्याच नाहींशा झाल्या, तर पहिल्या खुर्चीवर बसणारा येणार कोठून?

२००६ सालीं एन. सी. पी. ए. या कलाकेंद्रानें, कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या सहकार्यानें, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. मुंबईला पुनः एक व्यावसायिक वाद्यवृंद लाभला ही आनंदाची गोष्ट होय. त्याचा बराच भार मात्र परदेशांतून येणाऱ्या वादकांनीं उचलला आहे. ही उणीव चालकांनीं ओळखली आणि २०१२ सालीं मुलांसाठीं संगीतशाळा काढली, हें दूरदृष्टीचें कृत्य म्हटलें पाहिजे. दहा वर्षांचें मूल मागच्या स्टँडवर बसवावें आणि तें पुढें येण्याची वीस वर्षें वाट पाहावी, असाच हा व्यवहार आहे; त्याला दुसरा जवळचा मार्ग नाहीं.

यांत घरच्या मंडळींचाहि वांटा आहे. मीरा रोड, भाईंदर, बोरिवली येथील अनेक घरांतून आज मुलें व्हायोलिन शिकतात. शिक्षक घरीं येतो, परीक्षा होतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतें. परंतु शिकणें एकट्यानें आणि परीक्षाहि एकट्यानेंच. दुसऱ्याचा गज पाहून आपला गज फिरविण्याचा प्रसंग त्या मुलावर वर्षानुवर्षें येत नाहीं. एकाच इमारतींतील अथवा एकाच शिक्षकाकडील तीन-चार मुलांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र बसावें. एक सोपी रचना घ्यावी. गजाच्या खुणा एकानें कराव्या व इतरांनीं त्या पाळाव्या. पुढच्या आठवड्यांत पाळी बदलावी. यास खर्च नाहीं, मोठी जागाहि लागत नाहीं. प्रथम गोंधळ होईल, कोणी पुढें धांवेल, कोणी मागें राहील. पण आपण बरोबर वाजवीत असूनहि सर्वांबरोबर नसलों तर तें चुकीचेंच ठरतें, ही जाणीव मुलाला त्या एका तासांत होईल, आणि ती कोणत्याहि परीक्षेंत मिळत नाहीं.

आणि ज्यांना वाजवावयाचें नाहीं, केवळ ऐकावयाचें आहे, त्यांनीं पुढच्या कार्यक्रमाच्या वेळीं थोडी निराळी नजर ठेवावी. संचालकाच्या हातवाऱ्यांवरून दृष्टि काढून ती त्याच्या डाव्या बाजूच्या पहिल्या खुर्चीकडे वळवावी. रचनेच्या आरंभापूर्वींचा क्षण पाहावा: छडी उचललेली असते, सभागृह नि:स्तब्ध असतें, अग्रवादकाचे खांदे किंचित् वर उचलले जातात, आणि मागच्या अखेरच्या स्टँडपर्यंत सर्वांचे गज त्याच वेळीं तारेवर येतात. त्यानंतर येणारा पहिला सूर साठ हातांचा असूनहि एकाचाच कां वाटतो, हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.